अंशतः खरे आहे

सातपूरच्या माझ्या टायपिंग क्लासमध्ये
तीस शब्दांच्या परीक्षेत तीनदा नापास झालेली
तारा निमसे नावाची मुलगी
पुढे आमदार झाली, हे खरे आहे काय?

होय, हे खरे आहे.
करंगळीत जोर नव्हता तिच्या.
मग कंपनीत कॉइल वाइंडिंगला लागली, तिथं बोटं चालली,
आणि तोंड त्याहून.

असल्यास, पहिली सभा कोठे झाली?

तीन नंबर गेटवर, सेकंड शिफ्ट सुटताना,
दुधाच्या क्रेटवर उभी राहून.
सायकलवरचे लोक एक पाय जमिनीवर टेकून ऐकत होते,
म्हणजे थांबलेही होते, निघालेही होते.
नंतर मला म्हणाली, मास्तर,
मतदार म्हणजे हा एक पाय.

नगरसेवक झाली ती चिठ्ठीवर. मतं समसमान.
एका शाळकरी पोरानं बरणीत हात घातला.
पुढे वॉर्डातल्या प्रत्येक नळाच्या उद्घाटनाला
त्या पोराला बोलवायची.
नववीत गेल्यावर तोच कंटाळला.

विधानसभेला पहिल्या खेपेस डिपॉझिट गेलं.
दुसऱ्या खेपेस अंबडच्या गोदामात चोवीस फेऱ्या.
मी टेबल नंबर सातवर, पेन्सिल कानावर.
एकोणीसपर्यंत मागे.
विसाव्या फेरीत पिंपळगाव बहुल्याची यंत्रं उघडली
आणि समोरचा एजंट पाणी प्यायला उठला, तो आलाच नाही.
ती मांडवात नव्हती.
पाथर्डी फाट्यावर मिसळीच्या हॉटेलात बसून
पाव न घेता नुसता रस्सा पीत होती.

दोनशे अकरा मतांनी.
गुलाल माझ्या टाइपरायटरमध्ये गेला,
अजून 'र' जरा लालसर उमटतो, असं मी लोकांना सांगतो.
हे अंशतः खरे आहे.

मतदानाच्या आदल्या रात्री श्रमिकनगरमध्ये
पाकिटं वाटण्यात आली, हे खरे आहे काय?
असल्यास, ती कोणी मोजली?

एकदाच विचारलं. गाडीत, पुढच्या सीटवरून, मागे न वळता.
ती म्हणाली, प्रश्न उद्भवत नाही.
ही भाषा तिला मीच शिकवली होती.
पाकिटं मीच मोजली होती.

पहिला तारांकित प्रश्न:
कामगार विमा रुग्णालयातील क्ष-किरण यंत्र
चौदा महिन्यांपासून बंद आहे, हे खरे आहे काय?
तुझ्या नावातही तारा, प्रश्नावरही तारा,
असा विनोद मी केला. ती हसली नाही.
वाइंडिंगला तिच्या शेजारी बसणारी कौतिकाबाई
बाहेर फोटो काढायला पैसे साठवत होती खोकत खोकत,
आणि साठले तेव्हा फोटो लागणार होता
तो फक्त भिंतीवर.
हे प्रश्नात बसलं नाही. प्रश्नाला शब्दमर्यादा असते.

उत्तर आलं: हे अंशतः खरे आहे.
खरेदीची कार्यवाही सुरू आहे.

पाच वर्षं सुरू होती.
दर अधिवेशनाला मी तोच मजकूर टाइप करायचो,
फक्त आकडा बदलायचा.
बावीस. सदतीस. अठ्ठेचाळीस. एकसष्ट.

मग ती पडली. नऊ हजारांनी,
चौथ्या फेरीतच मी पेन्सिल खिशात ठेवली.
यंत्र पुढच्या आमदाराच्या काळात आलं,
पितळी पाटीवर त्याचं नाव.

परवा तिला तिथं घेऊन गेलो. छातीत कळ येते म्हणते.
केस पेपर काढला, रांगेत उभी राहिली, नंबर त्रेपन्न.
पाटी तिनं पूर्ण वाचली, शुद्धलेखनासकट.
कुणी ओळखलं. थबकलं. गेलं.

आत तंत्रज्ञ पोरगा म्हणाला,
हनुवटी वर. खांदे पुढे. श्वास घ्या.
रोखून धरा.

दाराबाहेर माझी बोटं मांडीवर चालली होती:
नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत?

हलू नका, आतून आवाज आला.
सोडू नका अजून.