कटिंग किती

शिवडीच्या त्या गाळ्यात पूर्वी बटणं बनायची.
अजूनही लादीच्या फटींत सापडतात
चार भोकांची, शाळेच्या शर्टाची.
त्यांच्यावरच अनवाणी बसते इव्हेट घोन्साल्विस,
वसईहून आलेली, मांडीवर आडवी गिटार,
तारांवर स्टीलची वाटी,
आणि पायाशी तो चपटा डबा,
अंगठ्यानं दाबला की लाल होणारा.

मी फक्त डग्गा आणला होता.
तबला गिरगावात, शाईला दिलेला.
विचारलं, ताल कुठला?
म्हणाली, बघू.
आणि सम?
म्हणाली, सापडली तर मलाही सांग.

तीस वर्षं मी समेवर येत आलोय.
भजनात, बारशात, नाटकाच्या तालमीत,
एकदा तर एकशेतीन तापात.
सम आली की मान आपली आपण खाली जाते,
त्यात माझं काही नसतं.
इथं वाटी घरंगळली,
तिनं अंगठा दाबला,
आणि ते घरंगळणं परत आलं.
परत आलं.
त्याच्यावर तिनं एक श्वास ठेवला.
श्वासही परत आला, पण वाटीच्या जरा मागून,
बाहेर चपला काढत राहिल्यासारखा.
मी हात डग्ग्यावर ठेवून नुसता बसलो.
कुठं शिरायचं?
फिरत्या झोक्यात कुठून चढतात?

तेवढ्यात दार ढकलून पोऱ्यानं विचारलं,
"कटिंग किती?"
डबा लाल होता.

पहिल्या फेरीला सगळे हसले, अकराच्या अकरा.
तिसरीला कुणी नाही.
आठवी-नववीला 'कटिंग' झिजून गेलं,
राहिलं किती,
किती,
कि
ति
आणि मला घाम फुटला,
कारण हे तर बोल आहेत.
कि डाव्याचा, पंजा सपाट.
ति उजव्याचा.
उजवा माझ्याकडे नव्हता.

मी कि वाजवला.
पोऱ्यानं ति दिला.
मी कि.

त्यानंतर किती वेळ गेला, सांगता येणार नाही.
भरती आली असावी, खाजणाचा वास बदलला.
इव्हेट वाटी पुसत होती आणि वाटी वाजत होती,
दोन्ही एकाच वेळी, दोन वेगळ्या वेळांच्या.
कोपऱ्यातल्या बाईंनी घड्याळ काढून पर्समध्ये टाकलं.

पोऱ्या ग्लास न्यायला आला
तेव्हा खोलीभर त्याचाच आवाज होता.
त्यानं ओळखला नाही.
ट्रे छातीशी धरून दारात उभा राहिला,
पापण्या जड,
आणि कुणीतरी केव्हापासून विचारतंय
म्हणून, हळूच, उत्तर दिलं:
"तेरा."

माझी मान खाली गेली.

नंतर दिवे लागले.
ग्लास बाराच मिळाले त्याला.
तेराव्याचे पैसे मी दिले.