कच्चा रंग

रविवारी गिरणीचा भोंगा वाजायचा नाही,
तेव्हा आम्ही इंग्रजी पिक्चरला जायचो.
पत्र्याचं थेटर, सकाळचा खेळ, निम्मं तिकीट.
पडद्याला खालच्या बाजूनं शिवण घातलेली,
घोडे तिच्यावरून जायचे तेव्हा
क्षणभर त्यांचे पाय तुटायचे.

इंग्रजी कुणालाच येत नव्हतं.
बॅटरीवाला महिबूब नदाफ गोष्ट सांगायचा,
डावीकडं कानडीत, उजवीकडं तेलुगूत,
मधल्या बाकांना आपल्या मराठीत:
'ह्यो राजाचा सख्खा भाव बे, ह्येच्यावर ध्यान ठेवा.'
उर्दू तो स्वतःसाठी राखायचा,
सुलतान मेला की पुटपुटायला.

सुलतान दर पिक्चरला मरायचा.
तंबू मात्र त्याचाच भारी.
नायना म्हणायचा, एवढं कापड
आपल्या गल्लीला चार महिने पुरंल.
लोखंडी अंगरख्यातला गोरा तलवार उपसायचा
आणि अख्खं थेटर शिट्ट्या मारायचं,
विड्या वळणाऱ्या बायकासुद्धा,
मीसुद्धा.
सुलतानामागं एक काळा माणूस
मोरपिसांचा पंखा धरून उभा.
त्याला एकही वाक्य नव्हतं.
महिबूबनं त्याच्याबद्दल कुठल्याच भाषेत
काही सांगितलं नाही.

एका रविवारी सुलतानाचं तोंड पडदाभर झालं
तसा नायना पुढं वाकला.
तो डाइंगमध्ये कामाला,
कोपरापर्यंत आज जांभळा, उद्या हिरवा.
'रंगु पोतुंदि,' म्हणाला. रंग जातोय.
'गळ्यापाशी बघ, घामानं सुटलाय.
आतनं गोराच हाय की ह्यो!'
आणि एकटाच हसत सुटला.
मागून कुणीतरी ओरडलं, गप की बे म्हाताऱ्या.

संध्याकाळी भुईकोटाच्या खंदकात आमची लढाई.
मोडक्या मागाच्या पट्ट्या म्हणजे तलवारी,
धोटा म्हणजे कट्यार.
इरण्णा उजळ, म्हणून तो राजा.
मला म्हणाले, बालामणी, तू काळी, तू पंखा धर.
मी लिंबाचा डहाळा धरला.
हात भरून आला तरी मला कुणी मारेना,
पंखेवाल्याला मारायचं पिक्चरमध्ये नव्हतं.
दिवेलागणीला सगळे मेलेले उठून घरी गेले.
डहाळा कुठं ठेवायचा ते मला कुणी सांगितलं नव्हतं.

आता तो पिक्चर मोबाइलवर आहे.
स्रवंतीनं लावून दिला, नातीनं.
नायना जाऊन तीस वर्षं झाली,
डाइंगच्या जागी मंगल कार्यालय आहे.
मी पंखेवाल्यापाशी थांबवायला शिकले.
तो चार वेळा येतो.
तिसऱ्या वेळी तो सुलतानाकडं बघत नाही,
तलवारीकडं नाही,
सरळ इकडं बघतो, थेटरात.
कोपरावर भाजल्याचा जुना डाग,
उकळत्या टाकीशी राबलेल्याला असतो तसा.

शेवटी नावं वर सरकतात.
मी बोट ठेवून एकेक अक्षर लावते.
सुलतान झालेल्याचं नाव आहे,
घोडे शिकवणाऱ्याचं आहे,
तंबू शिवणाऱ्यांचंही असावं, ते लवकर गेलं.
त्याचं नाही.

मागं नेऊन पुन्हा त्याला थांबवला.
पदराचं टोक ओलं केलं,
नायना नमुन्याचं कापड घासायचा तसं
त्याच्या गालावर घासलं.
'काय करतीस गं आजी?'
पदर पांढराच.
पण बोट लागलं कुठंतरी,
पिक्चर आपोआप सुरू झाला,
आणि तो पुन्हा वारा घालू लागला.