मागाच्या चौथऱ्यावर

दुसरा माग भंगारात गेला त्या वर्षी
त्याच्या सिमेंटच्या चौथऱ्यावर मी समुद्र मांडला.
साडेतीन फुटांचा.
पाणी गोव्याहून, चोर्ला घाटातून, दुमिंगच्या टेम्पोत, वीस लिटरच्या कॅनांत.
माशांपेक्षा डिझेल महाग पडलं.
वडगावातली माणसं बघायला यायची.
"पाण्यात मीठ घालूलालीस होय गं?" गंगव्वा विचारायची.

आधी वाळूवर तपकिरी पावडर.
ती आपोआप जाते, दुमिंग म्हणाला, थांब.
गेली.
मग दगडांना हिरवे केस आले.

आप्पांनी काचेला नाक लावलं.
"सूत सुटलंय. ताणा ढिला पडलाय कुठंतरी."
गंगव्वा म्हणाली, पाची.
मी म्हणाले, शेवाळ.
नाव दोन भाषांत सापडलं, कारण एकीतही नाही.

उद्यमबागच्या फौंड्रीत मी वाळू तपासते:
ओलावा, माती, ताकद.
संशय कसा घ्यायचा ते मला येतं.
पाळी संपवून आले की टूथब्रशनं दगड घासायचे.
हिरवे मणी मात्र फोडायचे नाहीत, एक फुटला की पन्नास;
चमच्यानं मुळासकट उचकटायचे, श्वास धरून.
लाल साय नळीनं ओढून काढली, पापुद्र्यासारखी अख्खी निघाली,
दुसऱ्या दिवशी दुपारी तिथंच पुन्हा,
अंगावर बुडबुडे घेऊन,
काही झालंच नाही अशी.

बोअरचं पाणी गाळून घेत होते, ते पुन्हा तपासलं.
दिवा दहा तासांवरून सहावर.
गोगलगाई आणल्या, त्यातल्या दोन उलट्या पडून मेल्या.
तरी फॉस्फेटच्या नळीतला निळा रंग
दर रविवारी शाईकडं सरकत होता.
कुठून?
दोन नारिंगी मासे. दिवसाला एक चिमूट.
मीच घालते.

एका बुधवारी लाईट गेली, भट्टी थंड, तीनलाच घरी आले.
आप्पा डबा उघडत होते.
चिमूट सोडली, झाकण लावलं, खुर्चीत बसले.
वळले.
"उपाशी हायत बिचारी."
उठले.

चार वेळा.
मी अजून चपला काढल्या नव्हत्या.
तीन महिने दगड घासत होते.

डबा लपवता आला असता.
आठवडाभर लपवलाही.
ते कपाटं उघडत फिरले
आणि शेवटी रिकामी चिमूट
पाण्यावर धरून उभे राहिले.

मग टाकीमागं एक खोका जोडला.
त्यात शेवाळच ठेवलं, मुद्दाम,
भांड्याच्या घासणीसारखं गुंतलेलं,
रात्री त्याच्यापुरता दिवा.
आप्पा टाकतील त्यातलं उरेल ते त्यानं खावं,
दगडांपर्यंत पोचू देऊ नये.
नळी फिकी होतेय.
निळी आहे अजून.

रविवारी त्यातलं मूठभर उपटून बादलीत टाकते.
आप्पा ते उचलतात, पिळतात,
अंगठा आणि बोटामध्ये एक धागा ताणून
उजेडाकडं धरतात.
"साठ नंबरी," म्हणतात.
कधी, "ऐंशी."

डॉक्टरांनी वार विचारला तेव्हा
ते खिडकीबाहेर बघत राहिले होते.

साठ, मी वहीत लिहिते,
फॉस्फेटच्या आकड्याशेजारी.