लांबी चार पूर्णांक दोन

लांबी चार पूर्णांक दोन मिलिमीटर, शेपटीचं टोक धरून.
रंग काळा. पण दिव्याखाली जरा वळवला
की पाठीवर काकवीचा तांबूस उजेड सरकतो.
तो लिहायला रकाना नाही.
लिहिलं : तपकिरी-काळा.

वरचे पंख आखूड, निम्म्यावरच संपलेले,
धाकट्याच्या अंगात गेल्या वर्षीचं जाकीट असावं तसे.
त्याखाली पोट उघडंच,
आणि खरे, उडायचे पंख
त्या जाकिटाच्या आत कोंबलेले, घडीवर घडी.
डावा एका रीतीनं दुमडतो, उजवा दुसऱ्या.
तीन रात्री मी ती घडी उलगडत बसलो,
काडीला चिकटवलेल्या स्वतःच्याच पापणीच्या केसानं.

सापडला गंगावेशीमागच्या गोठ्यात,
शेणींच्या राशीच्या उत्तर अंगाला, खालून दुसऱ्या थरात,
जिथं ऊन पोचत नाही.
मी खरं तर दूध प्यायला गेलो होतो.
धारेचा फेस अजून ओठावर,
आणि तायक्का लंगोटे शेणी उचलता उचलता म्हणाली,
"ह्यो बघा, इंचवाचं सोंग घेतोय."
शेपूट वर, माझ्या अंगठ्यावर उगारलेलं,
नांगी नसलेलं.

सात मिळाले.
बाटलीत टाकले तेव्हा तिनं विचारलं, "मारलासा व्हय?"
हो म्हणालो. म्हणालो, यातला एकच मुख्य,
बाकीचे सहा साक्षीला.
"आन् जात कशावरनं ठरवता?"
किटल्या घेऊन आलेली चार माणसं थांबली ऐकायला.
आता हिला कसं सांगावं, की पोट उकलून,
क्षारात शिजवून, नराचं जे असतं ते बाहेर काढायचं
आणि त्याचा बाक मोजायचा;
सगळा निवाडा त्या बाकावर.
मी म्हणालो, "आत बघावं लागतं."
"आत तर समदं सारखंच आसतं," ती म्हणाली,
आणि म्हशीला सरकवून पुढची शेण थापायला बसली.

सारखं नव्हतं.
सागरमाळावर, पावणेदोनला, दोनशे पटींत दिसलं :
टोकाला आकडा, किंचित उजवीकडे कललेला,
विळ्याचा नव्हे, खुरप्याचा बाक.
याच्या भावकीत असा कुणालाच नाही.
सांगायला कुणी जागं नव्हतं.
वॉचमन बळवंतमामांना सांगितलं.
ते म्हणाले, "बरं झालं. आता दिवा घालवा."

नावाची रीत अशी, की बाईचं नाव ठेवायचं
तर लॅटिनमध्ये शेवटी 'ए' येतो.
लावला. मोठ्यानं वाचून बघितलं.
तायक्काए.
पलीकडच्या बोळातून कुणी
किटली वाजवत हाक मारावी तसं.

परीक्षकाचं पत्र आलं : ठिकाण अधिक नेमकं द्यावं,
शक्य तर आणखी नमुने मिळवावेत.
गेलो. उत्तर अंगाला मोकळी फरशी,
रास होती तिथं ओलीचं काळं कडं.
शेणी हातगाडीवरून स्मशानात दिल्या,
पंचगंगेच्या; दर साली देतात, सासऱ्याच्या वेळेपासून.
कुणा अनोळख्या माणसाखाली
माझं प्रकार-ठिकाण जळून गेलं असणार,
आखूड पंखांसकट, त्या न उलगडलेल्या घड्यांसकट.
मी फरशीच्या फटीत चिमटा घालून बघत राहिलो.
एक मुंगळा निघाला. एक बटण.

"पंधरा दिसांत पुन्ना हुतीय की रास," तायक्का म्हणाली.
मग नावाचं सांगितलं.
हात शेणानं भरलेले; तिनं कोपरानं पदर सावरला.
"किड्याला माजं नाव?"
बराच वेळ काही बोलली नाही.
"खातो काय त्यो?"
"माशीच्या अळ्या."
"मग ऱ्हाऊ द्या.
माशा लई झाल्यात औंदा."