वर बशी, खाली परात

इर्या म्हणते, डाग वरून मोजू नकोस.
वर बशी दिसली तर खाली परात असते.
एकोणीस वर्षं ती हेच करते आहे डुलुथमध्ये,
या तळ्याच्या काठी, ज्याचा पलीकडचा काठ
मी अजून पाहिलेला नाही.

ऑर्व्हिल स्टेनबर्ग, वय एक्याऐंशी,
अकरा दिवस आपल्या खुर्चीत बसून होते.
हीटर चालू. टीव्ही चालू.
पायरीवरचा बर्फ कोणी ओढला नाही
म्हणून टपालवालीला शंका आली.

आम्ही दारातच पांढरे झालो.
सूट, दोन-दोन हातमोजे, मनगटाला टेप,
मास्कच्या आत सकाळच्या कॉफीचा आपलाच श्वास.
माझ्या पहिल्या घरातून मी पळत बाहेर आलो होतो.
इर्या काही बोलली नाही.
व्हॅनच्या बंपरवर शेजारी येऊन बसली
आणि एक संत्रं सोलत राहिली.

खुर्ची वाचत नाही.
कापड धुता येतं, फोम नाही.
फोम सगळं पितो आणि कुणाला सांगत नाही.
उसवताना फटीतून निघाल्या
श्रवणयंत्राच्या तीन बॅटऱ्या, मासे धरायचा गळ
आणि एक पिवळी पेन्सिल, चावलेली.
लहान दातांनी.
इर्याने ती दिव्याखाली धरली, फोटो काढला,
मग लाल पिशवीत टाकली.
"लाकूड शोषतं," म्हणाली,
माझ्याकडे न बघता.

मग कार्पेट. तपकिरी, उंच लवीचं,
खुर्चीपासून टीव्हीपर्यंत एक पायवाट झिजलेली.
सुरीने चौकोन कापला.
खालचं अस्तर उचललं.
प्लायवुडवर परात होती.
आयुष्यभर अंग चोरून बसलेला माणूस
एकदाचा पसरला होता.

आमच्यात वार घराच्या जमिनीत पुरतात.
मुलगा झाला तर मधल्या खांबाशी,
मुलगी झाली तर आईबापाच्या पलंगाखाली.
माणूस गेला की थोरले काका केंग फुंकतात,
बांबूच्या सहा नळ्या,
आणि जिवाला एकेका घरातून मागे नेतात:
सेंट पॉलची खोली, थायलंडची छावणी,
लाओसचा तो डोंगर,
जिथे नाळ पुरली तिथवर.
तो तिथला पहिला अंगरखा असतो. तो घालायचा,
मग पुढे जायचं.

माझी वार हॉस्पिटलात लाल पिशवीत गेली.
हीच पिशवी. हेच तीन चंद्रकोरींचं चिन्ह.
ती गाडी पुढे कुठे जाते,
आता मला ठाऊक आहे.
काकांना सांगितलेलं नाही.

"फेंग, घड्याळ," इर्या म्हणाली.
औषध मारलं की दहा मिनिटं लाकूड ओलं राहिलं पाहिजे.
घाई केली तर फक्त डाग जातो.
आम्ही भिंतीला टेकून थांबलो.
बाहेर कोणीतरी गाडीची काच खरवडत होतं.
मीटरने आधी चार हजार दाखवले,
मग दोनशे दहा,
चौथ्या खेपेला अठरा.
तिसाच्या आत आलं की पास.
मग पांढरं सीलंट, दोन हात.

तिसऱ्या दिवशी मुलगी आली, स्पोकेनहून. मार्गिट.
फोनवर तिने एकच विचारलं होतं, खुर्चीचं.
दारात वाकली आणि बुटांच्या नाड्या सोडू लागली.
मी म्हटलं, राहू द्या,
आता इथे कार्पेट नाही.
"दिसतंय," ती म्हणाली.
"ओले बूट घेऊन आत आलं की फार ओरडायचे."
राखाडी लोकरी मोज्यांनी ती चौकोनापर्यंत गेली,
कडेला थबकली,
मग आत पाऊल टाकलं
आणि बराच वेळ तिथेच उभी राहिली.

इर्या खाली बसली. तिनेही बूट काढले.
मग मीही.

ती गेल्यावर मी दिवा तिरका धरून पाहिलं.
सीलंट अजून किंचित चिकट होतं,
त्यात लोकरीचे दोन-तीन राखाडी धागे.
चिमटा माझ्या खिशात होता.
मी तो काढला नाही.