चौदा नंबरची तार

फॉल रिव्हरच्या कापडगिरण्या बंद पडल्या,
त्यांच्या ग्रॅनाइटच्या भिंतींआड आता गाद्या, पडदे, दाताचे डॉक्टर.
तळमजल्यावर मी.
तारा विकतो, फुटावर.

देओलिंडा फुर्ताडो नोव्हेंबरात आल्या,
हातात सुतळीची गुंडाळी.
अंतर मोजून आणलं होतं:
अँप्लिफायरपासून भिंतीच्या कडेकडेनं,
दाराच्या चौकटीवरून वळसा घालून,
मागच्या खोलीतल्या पलंगापर्यंत.
"नवरा डोळ्यांनी मोजतो," म्हणाल्या,
"तार काही डोळ्यांतून जात नाही."
काउंटरवर सुतळी उलगडली. बावन्न फूट.

मी नेहमीचं सुरू केलं:
नंबर वाढला की तार बारीक होते,
अठरा सगळ्यात किरकोळ, मग सोळा, चौदा,
बारा म्हणजे जवळजवळ दोरखंड.
गिऱ्हाईक इथेच अडखळतं.
त्या अडखळल्या नाहीत.
"ऐंशीचं सूत विसाच्या सुताहून बारीक.
सव्वीस वर्षं रिंगफ्रेमवर होते, पोरा.
पुढे बोल."

पुढे एवढंच होतं
की रस्ता लांबला की तार जाड हवी,
नाहीतर अर्धं गाणं वाटेतच ऊब होऊन जातं.
स्पीकरच्या पाठीवर आठ ओहम लिहिलेलं,
ते त्यांनी पावतीच्या मागे उतरवून आणलेलं.
म्हणजे चौदा. बारा घेतली तर नाकापेक्षा मोती जड.

मखमली पेटीतली, सोन्याच्या टोकांची तार
मी दाखवली, धंदा आहे.
त्यांनी किंमत वाचली आणि पेटी
झोपलेलं मूल ठेवावं तशी हळूच परत ठेवली.
मग स्वस्त रीळ उचललं, वर 'तांबं' छापलेलं.
पर्समधून नेलकटर काढून टोक खरवडलं.
लाल सालीखाली पांढरं.
पितळ उघडं पडलं म्हणतात,
इथे ॲल्युमिनियम पडलं,
आणि माझा चेहराही.
सहा महिने मी तीच विकत होतो,
न खरवडता.

शरमेनं म्हटलं, मीच येऊन जोडून देतो.

आबिलियो पलंगावर बसून होते, गुडघ्यांवर घोंगडी.
बँडमध्ये ट्यूबा वाजवायचे.
चौऱ्याऐंशी साली एक रेकॉर्ड निघाली, तिच्यात
क्लॅरिनेट आहे, झांजा आहेत, ट्यूबा नाही.
"बँडमास्तरनं मला पुसला,"
हे त्यांनी पहिल्याच मिनिटाला सांगितलं.
एकोणीस वर्षं त्याच्याशी बोलले नाहीत.
त्याच्या मयतीलाही रस्त्यापलीकडेच उभे राहिले.

स्पीकरमागे टेबललॅम्पची तपकिरी वायर होती,
दोन्ही पदर सारखे, ना रेघ ना रंग.
डावीकडे लाल खाचेत जे गेलं
तेच उजवीकडे काळ्या खाचेत.
एक पडदा पुढे ढकलतो तेव्हा दुसरा मागे ओढतो,
आणि खर्ज खोलीच्या मधोमध
स्वतःलाच गिळून टाकतो.
मी काही बोललो नाही.
नवी तार ओढली, पदरांना पीळ दिला,
एकही केस बाहेर राहू दिला नाही.
रेघेचा पदर लालला, दोन्हीकडे.

देओलिंडांनी सुई ठेवली.

आधी खिडकीची काच समजली,
मग पलंगाचा पाय, मग आम्ही.
पुंप, पुंप, जमिनीखालून कुणी
जिने चढून येत असल्यासारखं.
आबिलियोंचे ओठ आपोआप आवळले गेले.

तिसऱ्या मार्चमध्ये, सगळे थांबलेले असताना,
ट्यूबा एकटाच शिरला,
एक मात्रा लवकर,
दार चुकलेल्या पाहुण्यासारखा.

देओलिंडा छताकडे पाहत सुतळी गुंडाळत होत्या.
मी हत्यारं आवरायला लागलो.
बराच वेळ नुसती सुई खरखरत राहिली.

"पुसलं नव्हतं तर," ते म्हणाले,
बायकोला नव्हे, मला नव्हे,
रस्त्यापलीकडे कुणाला तरी.
मग घोंगडी सरळ केली.
"तिसरा लाव.
पुन्हा."