पोटातलं शिसं

नख लावून बघ, अब्बा म्हणायचे.
चरा पडला आणि आत चकाकलं
की समज, सापडलं.
दोन दिवसांत ते पुन्हा राखाडी होतं,
म्हणून लगेच बघायचं.

होटगी रोडच्या पत्र्याच्या वखारीत मी अजून तेच करते.
ट्रॅक्टरच्या मेलेल्या बॅटऱ्या आता कंपनीचा टेम्पो नेतो, पावतीसकट.
आम्हाला उरतं चिल्लर:
रिमला ठोकलेले तुकडे, जुन्या केबलची सालं,
आडतीतून आलेली लोखंडी वजनं.
पालथी घातली की बुडाशी भोक, भोकात शिसं,
शिशावर मापं तपासणाऱ्याचा शिक्का.
एकदा पाच किलोचं वजन आलं, भोक रिकामं.
आमच्या आधी कुणीतरी पोचलं होतं.
अब्बांनी ते विकलं नाही, दाराला अडकण म्हणून ठेवलं.
वारा सुटला की दार आजही थोडं सरकतं.

ज्या मे महिन्यात उजनी तळाला गेली
तेव्हा कंदरहून लिंबाजी नगरेचा निरोप आला:
गाळात इंजिन दिसतंय, या.

मी सहावीत होते.
भेगाळल्या गाळावर फळ्या टाकत आम्ही पोचलो.
विहिरीचं कडं, त्याला टेकून ते,
शिंपल्यांनी मढलेलं, मोठं चाक अर्धं जमिनीत.
कुणाचं, ते लिंबाजीला ठाऊक नव्हतं.
गाव उठलं तेव्हा तो पाळण्यात होता.

त्याची आई हारणाबाई काठी टेकत आली,
उभी राहिली, बराच वेळ.
"गलांड्यांचं. धाप लागल्यावानी वाजायचं,
दोन ठोके, मग एक गाळायचं.
वाजाय लागलं की आमी फावडी घेऊन
दारं धराय पळायचो."

अब्बांनी रॉकेल ओतलं, पाना लावला,
शिवी दिली, पुन्हा रॉकेल.
दुपार कलल्यावर झाकण निघालं.
दांड्याच्या कुशीत दोन अर्ध्या वाट्या,
आतून राखाडी अस्तर.
पंचवीस वर्षं पाण्याखाली राहून
तेवढंच कोवळं.
या वेळी नख माझं होतं.

"ह्ये कशाला घालत्यात आत?" हारणाबाईनं विचारलं.
"ठोका खायला," अब्बा म्हणाले.
"नसलं तर लोखंड लोखंडाला फोडतं."
ती हं म्हणाली. पटल्यासारखं नाही,
ओळखीचं काही ऐकल्यासारखं.

सौदा ठरला. लोखंड आमचं, शिसं लिंबाजीचं,
त्याला जाळ्याला गोळ्या हव्या होत्या.
तिथंच तीन दगड, बाभळीचं जळण, खोल पळी.
वारा येतो त्या बाजूला अब्बांनी मला बसवलं.
साचा आधी जाळावर वाळवला,
थेंबभर पाणी राहिलं तर शिसं अंगावर येतं;
त्यांच्या डाव्या गालावर त्याची मसुरीएवढी खूण होती.
राळेची चिमूट. मळी वर आली, ती काढली.
खाली आरसा.
त्यात आभाळ, आणि हारणाबाईचं वाकलेलं तोंड.
"मागं व्हा, आजी."

एकशे बारा गोळ्या.
लिंबाजीनं मोजल्या, मग परत मोजल्या,
आणि वर आम्हाला दोन चिलाप्या दिल्या.
घरी अम्मीनं ताटाला हात लावू दिला नाही
तीनदा धुतल्याशिवाय: साबण, राख, पुन्हा साबण.
माझ्या नखाखाली तरी एक रेघ राहिलीच.
शाळेत मी ती वहीवर ओढून पाहिली.
बाईंनी विचारलं, शिसपेन्सिल कुठाय तुझी?

श्रावणात पाणी परत चढलं.
तोवर चाकाचं लोखंड जालन्याच्या भट्टीत जाऊन
कुणाच्या तरी स्लॅबच्या सळया झालं असेल.
लिंबाजीचा फोन आला, टेंभुर्णीच्या डब्यावरून.
आईला होडीत घालून नेलं म्हणाला,
जाळं तिथंच टाकलं, अंदाजानं.
गोळ्या सरळ खाली गेल्या.
आई दोरीला हात लावून बसली, मग म्हणाली,
दारं धर.

मासे किती लागले,
ते सांगायच्या आत त्याचा रुपया संपला.